मुलींच्या सायकलींचं डावं पायडल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुकान म्हणजे पत्र्याची टपरी, हवेचा पंप, पंक्चर शोधायला पाण्याचं घमेलं आणि आढ्याला टांगलेली जुनी टायरं. यंदा ३६ वर्षं झाली. सुरुवातीला रुपया तासानं सायकली भाड्यानं द्यायचो, आता ते कुणी विचारत नाही. तुमचा पेपर टपरीत रोज येतो. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून होईपर्यंत गिऱ्हाईक वाचतं, आणि त्यानं चुरगाळलेला मी दुपारी वाचतो. सायकलीवर तुम्ही बरंच छापता, पण ते बहुतेक पुण्या-मुंबईचं असतं. सायकल चालवा, तब्येत सुधारा, प्रदूषण कमी करा. आमच्याकडं सायकल तब्येतीसाठी कुणी चालवत नाही. शाळा लांब आहे म्हणून चालवतात.

पत्र लिहायचं कारण मात्र एक पायडल आहे.

गेल्या जूनमध्ये माझ्या लक्षात आलं की शाळेतल्या मुलींच्या ज्या सायकली पडून-आपटून येतात, त्यांची डावी बाजू गेलेली असते. डावं पायडल घासलेलं, डावी मूठ फाटलेली, डाव्या ब्रेकचा दांडा वाकलेला. उजवी बाजू कोरी करकरीत. आता सायकलीनं कुठल्याही अंगाला पडावं. माझ्या भाड्याच्या सायकली पोरं दोन्ही बाजूंनी सारख्याच फोडून आणायची. म्हणून मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर खुणा करायला लागलो. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत २२ सायकली झाल्या, त्यातल्या १९ डाव्या अंगाच्या.

मग विचारायला लागलो. मुली आधी सांगत नाहीत. "पडले मामा," एवढंच. घरी कळलं तर सायकल बंद होईल, ही भीती. पुढचं चाक पार वाकडं करून आलेली नववीतली एक पोर बऱ्याच वेळानं बोलली, "मामा, ट्रक मागून हॉर्न देतो. खाली उतरावं म्हटलं तर खाली जागाच नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी टपरी बंद करून मी त्या रस्त्यानं सायकल घेऊन गेलो. तसा तो माझ्या रोजच्या माहितीतला रस्ता, पण मोटारसायकलवर बसल्यावर माणसाला कड दिसत नाही. पूर्वी हा एकेरी डांबरी रस्ता होता. दोन्ही अंगाला मुरमाची साईडपट्टी, तिच्यापलीकडं लिंबं आणि बाभळी. गाडी आली की सायकलवाला साईडपट्टीवर उतरायचा, गेली की परत डांबरावर. काही वर्षांपूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग झाला, चौपदरी, सिमेंटचा. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायला आधी दोन तास लागायचे, आता पाऊण तासात पोचतात. माझ्याच सुनेच्या वेळी मी ते अनुभवलंय. पण सिमेंटचा थर जमिनीपासून उंच, आणि कडेला भरलेला मुरूम दोन पावसाळ्यांत वाहून गेला. आता काठाखाली वीतभर खोल तुटलेलं आहे. चारचाकीवाल्याला ते कळतही नाही. सायकलचं चाक त्या काठावरून घसरलं की माणूस डाव्या अंगावर आडवा. आणि वर चढायला गेलं तर चाक काठाला घासत राहतं, चढत नाही, आणि एकदम चढलं की रस्त्याच्या मधोमध फेकतं. घसरणं बरं, चढणं वाईट, हे मुलींना माझ्याआधी कळलेलं होतं. म्हणून त्या पडतात त्या डावीकडंच.

या १९ मुलींना कुठल्याही गाडीनं धडक दिलेली नाही. त्या नुसत्या हॉर्ननं पडल्या. त्यामुळे ठाण्यात नोंद नाही, सरकारी दवाखान्यात नोंद नाही. नोंद आहे ती माझ्या उधारीच्या वहीत.

आता ही सायकल कुठून येते ते सांगतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या २३ जिल्ह्यांतले १२५ तालुके आहेत, आमचा त्यातला एक. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना त्यात सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ३,५०० मिळायचे, २०२२ मध्ये ५,००० झाले. त्यातले ३,५०० मुलीच्या बँक खात्यात आधी येतात आणि सायकल घेतल्याची पावती शाळेत दिली की उरलेले १,५००. पावत्यांवरून दरवर्षी बापांशी माझी बोलाचाली होते. सायकल ५,०००मध्ये बसत नाही, वरचे पैसे कुणी द्यायचे, कॅरिअर फुकट द्या, घंटी वरून द्या. पण सरकारच्या ज्या थोड्या योजना मी घरापर्यंत पोचताना डोळ्यांनी पाहिल्या, त्यातली ही एक. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या टपरीपुढं नव्या सायकलींची रांग लागते. मी सीट मुलीच्या उंचीला लावतो, चेनला तेल घालतो, आणि बाप मागं पळत पळत बसस्टँडच्या मोकळ्या जागेत पोरीला तोल शिकवतो. आठवीतली पोर पहिल्यांदा एकटी चक्कर मारून येते तेव्हा तिचं तोंड पाहण्यासारखं असतं.

बिहार सरकारनं हेच २००६ पासून नववीच्या मुलींसाठी केलं. दोन अर्थशास्त्रज्ञांनी ते तपासलं तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत येणाऱ्या मुलींची संख्या त्या योजनेनं ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे सायकलीनं मुलगी शाळेत येते, हे आता कुणाला सिद्ध करून दाखवायला नको. येते. आणि सायकल बंद झाली की काय होतं, तेही सिद्ध करून दाखवायला नको.

माझ्या टपरीत आढ्याला एक गुलाबी सायकल टांगलेली आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाप ती घेऊन आला. दीड वर्षही वापरलेली नव्हती. "मामा, विकून टाका. पोरगी उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता राहिली." मी म्हटलं, सरकारच्या पैशाची आहे, विकता येत नाही, ठेवून जा, राग गेला की घेऊन जा. तो परत आला नाही. पोरीला भाड्याची काळी-पिवळी जीप लावून दिली. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून पहिला तास रोज बुडायचा, आणि जायचे-यायचे पैसे रोज लागायचे. दहावी झाली तिची, पास झाली. यंदा अकरावीच्या यादीत नाव नाही. मराठवाड्यात दहावीनंतर घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते मी लिहीत नाही, तुमच्या वाचकांना माहीत आहे. सायकलीला मी महिन्यातून एकदा फडकं मारतो.

दुसरे काही बाप आणखी भलताच मार्ग काढतात. नववीतल्या मुलाच्या हातात मोटारसायकल, मागं दोन बहिणी. कायदा काय सांगतो ते मला माहीत आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर बापाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. बरोबर आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, १९८-अ. ठरलेल्या मानकांप्रमाणं रस्ता केला नाही आणि त्यामुळे माणूस गेला किंवा जखमी होऊन अधू झाला, तर रस्ता करणाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. पहिल्या कलमाचे फलक मी जागोजागी पाहिले. दुसऱ्याचा अजून पाहिलेला नाही.

काठाचं झालं. आता फाटा.

शाळा महामार्गाच्या अलीकडं आणि तीन गावं पलीकडं. दुभाजकातली अधिकृत फट फाट्यापासून दीड किलोमीटर पुढं आहे. म्हणजे नियमानं जायचं तर मुलीनं आधी दीड किलोमीटर उलट दिशेला जायचं, वळायचं, आणि तेवढंच परत यायचं. सकाळी दहाच्या प्रार्थनेला पोचायचं असलेलं कुठलंही लेकरू हे करणार नाही, साहेबांचं लेकरूही नाही. म्हणून फाट्याजवळ दुभाजक फुटलेला आहे, बरोबर एक सायकल जाईल एवढा. कुणी फोडला मला माहीत नाही, आणि माहीत असलं तरी लिहिणार नाही. तिथं सिमेंटमधून सळई बाहेर आली आहे. तिच्यावर फाटलेली दोन टायरं मी बदलली. मुली तिथं सायकल हातात धरून, पुढचं चाक फटीत आणि मागचं रस्त्यावर ठेवून उभ्या राहतात. दोन पायांवर उभं राहायला दुभाजकात जागा नाही, तो तेवढा रुंदच नाही. नोव्हेंबरपासून कारखाने चालू असतात तेव्हा उसाच्या जोडट्रॉल्या जातात, मागं ना दिवा ना चकाकणारी पट्टी. दहावीच्या जादा तासाच्या मुली सुटतात तोवर अंधार पडलेला असतो.

मी, शाळेचे मुख्याध्यापक आणि त्या तीन गावांपैकी एकाचे सरपंच असे आम्ही तिघं एका कार्यालयात गेलो. कोणतं ते सांगत नाही. माणूस सभ्य होता, चहा पाजला. कडेच्या मुरमाबद्दल म्हणाला, ते देखभालीत येतं, देखभाल ठेकेदाराकडं आहे, पत्र पाठवतो. फाट्याबद्दल म्हणाला, इथं काही करायचं तर हा फाटा आधी ब्लॅक स्पॉटच्या, म्हणजे सारखे अपघात होणाऱ्या जागांच्या, यादीत यायला पाहिजे, निधी त्या यादीप्रमाणं येतो. मुख्याध्यापकांनी विचारलं, यादीत यायला काय लागतं? त्यानं सांगितलं ते मी घरी येऊन नातवाकडून मोबाईलवर तपासून घेतलं. खरं निघालं. राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात व्हावे लागतात, नाहीतर तीन वर्षांत दहा माणसं मरावी लागतात. आमच्या फाट्यावर गेल्या तीन वर्षांत एक म्हातारा गेला आणि एकाचा पाय मोडला. आम्ही अजून पात्र नाही.

परत येताना सरपंच म्हणाले, "मामा, तुमच्या वहीतल्या एकोणीस धरत नाहीत का?" आम्ही हसलो. मग कुणी बोललं नाही.

हा नियम वाईट हेतूनं केलेला नाही, ते मला कळतं. पैसा थोडा आणि रस्ते फार, तर जिथं जास्त मरतात तिथं आधी द्या, असा तो हिशेब. पण सायकलवाल्यांच्या आणि पायी चालणाऱ्यांच्या बाबतीत हा हिशेब उलटा पडतो. रस्ता जितका भीतीचा, तितकी माणसं त्यावरून जायची थांबतात. थांबली की मरत नाहीत. मरत नाहीत म्हणून यादीत येत नाहीत. गुलाबी सायकल आढ्याला टांगली गेली म्हणून फाटा कागदावर सुरक्षित झाला.

तरी मरतात त्यांचा आकडा लहान नाही. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली असं आहे, आणि त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ पाचातला एक. पायी चालणाऱ्यानं कुणाला धडक दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असतं. यंदा शाळेत कार्यक्रम झाला आणि सायकलींना रिफ्लेक्टर चिकटवायला मला बोलावलं होतं. मी मागं बसून चिकटवत होतो. पाहुणे चांगलं बोलले, मुलींना हसवलं, आणि "रस्त्याच्या डाव्या कडेनंच सायकल चालवा" हे वाक्य चार वेळा म्हणाले. मुलींनी चारही वेळा एका आवाजात "हो सर" म्हटलं. रिफ्लेक्टर मात्र कामाचे होते. ते दरवर्षी द्यावेत.

आता पैशाचं बोलतो, कारण पत्राचा मुद्दा तोच आहे. आमच्या एका शाळेत एका वर्षी ६० मुलींना सायकली मिळाल्या. म्हणजे सरकारनं तीन लाख रुपये खर्च केले. त्या ६० सायकली ज्या रस्त्यानं जाणार, त्यावर मुलींच्या नावानं एक रुपया नाही. सायकलीचे पैसे नियोजन विभागाचे. महामार्ग दुसऱ्याचा. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता जिल्हा परिषदेचा. शाळा चौथ्याची. चौघांच्या फायली चार कपाटांत, आणि मुलगी सकाळी साडेनऊला या चौघांच्या मधून सायकल काढते. सायकल ही वस्तू आहे म्हणून तिची पावती घेता येते, फोटो काढता येतो, वाटपाचा कार्यक्रम घेता येतो. मुरमाचा कार्यक्रम कोण घेणार?

आणि खर्च फार आहे असंही नाही. यातला माझ्या डोळ्यांसमोर असलेला एक मार्ग सांगतो, तोच मला सगळ्यांत पटतो.

त्या तीन गावांतून शाळेकडं यायला जुना गाडरस्ता आहे. ओढ्याच्या कडेनं येतो, शेतांतून, आणि महामार्गाच्या खालून ओढ्याच्या पुलातून अलीकडं निघतो. पूल उंच आहे, खालून बैलगाडी जाते. मी लहान असताना आम्ही याच वाटेनं शाळेत यायचो. पायी, दप्तर डोक्यावर. वाट महामार्गापेक्षा अर्ध्या किलोमीटरनं लांब पडते, पण तिच्यावर ट्रक नाही, दुभाजक नाही, हॉर्न नाही. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी बांध कोरून कोरून ती आता कुठं पाच फुटांवर आणली आहे, एका ठिकाणी तर तूर पेरलेली असते. आणि काळी माती. पावसाळ्यात तिच्यात सायकल घातली की चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा भरतो की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. दर जूनमध्ये पाच-सहा मुली मला मडगार्ड काढून द्या म्हणतात, त्या या वाटेच्या. म्हणजे मुलींनी वाट निवडलेली आहे. सरकारनं फक्त तिच्यावर मुरूम टाकायचा आहे.

तलाठ्याकडं जाऊन मी गावाचा नकाशा पाहिला. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण आमच्या तोंडी तलाठीच. नकाशावर गाडरस्ता दुहेरी तुटक रेषेनं काढलेला आहे, ठळक. त्यांनी सांगितलं, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. मी दोनदा विचारून घेतलं. पायी चालणाऱ्या माणसाला सव्वाआठ फूट! ज्यांनी कुणी हे ठरवलं त्यांच्या काळात ना सिमेंट होतं ना महामार्ग, पण चालणाऱ्याला किती जागा लागते याचा आकडा त्यांच्याकडं होता. आमच्या चौपदरी रस्त्याच्या काठावर तो आकडा शून्य आहे.

अडवलेली वाट मोकळी करायला तहसीलदारांना १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं पाचवं कलम आहे. खडी-मुरमाला पैसा आहे. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, रोजगार हमीचा आणि राज्याचा पैसा एकत्र करून. त्यात आमच्या तालुक्यात काही रस्ते झाले, चांगले झाले. पण वाट निवडताना विचारतात की किती शेतकऱ्यांचा फायदा, ऊस निघतो का, ट्रॅक्टर जातो का. किती मुली या वाटेनं शाळेत जातात हा प्रश्न कुणी विचारत नाही. योजनेच्या नावात शेत आहे, शाळा नाही. सरपंच म्हणाले तसं, मुलींचा सातबारा नसतो. खरं तर दोघांचं भांडण नाही. वाट रुंद झाली तर तूर पेरणाऱ्याचाच ट्रॅक्टर बारा महिने शेतात जाईल. त्याला ते पटलंही आहे, फक्त समोरच्यानं आधी बांध मागं घ्यावा असं दोघांचं म्हणणं आहे.

मुलगा पिंपरीला कामाला आहे, त्याच्याकडं जातो तेव्हा तो हसतो, म्हणतो बाबा तुम्ही पुण्याला या, इथं सायकलीचे वेगळे मार्ग आहेत. पाहिले. पुणे महापालिकेनं २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला, त्यात ८०० किलोमीटरच्या वर जाळं आखलेलं आहे. मी पाहिलेल्या मार्गावर एक चारचाकी उभी होती आणि पुढं भेळेची गाडी. भेळ चांगली होती. जंगली महाराज रस्त्यावरचा पदपथ मात्र खरोखर रुंद, बाकं टाकलेली, तिथं मी अर्धा तास नुसता माणसं बघत बसलो. पैसा खर्च केला तर काय होतं ते तिथं दिसतं. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, तोही चांगला. पण चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना रस्त्यात जागा द्यावी असं सांगणारं केंद्राचं धोरण २००६ पासून आहे, आणि त्याचं नावच राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण. नागरी. जिथं सायकलीवाचून शाळाच नाही, त्या ग्रामीण रस्त्यासाठी असं धोरण मी शोधलं, नातवानंही शोधलं, आमच्या हाती लागलं नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२५ रोजी म्हटलं की पदपथ हा पायी चालणाऱ्याचा हक्क आहे, जगण्याच्या हक्काचाच भाग. तुमच्याच पेपरात वाचलं. कापून ठेवलंय. पदपथ म्हटलं की डोळ्यांपुढं शहर येतं. वीतभर खाली तुटलेल्या काठावरून चालणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बायांना तो हक्क लागू आहे का, हे कुणा जाणकारानं तुमच्या पानावर लिहावं.

मी मागतोय ते थोडं आहे. मानव विकासमधून मुलींची सायकलीची यादी दरवर्षी शाळेत होतेच. तिच्यात मुलीचं गाव असतं. त्या यादीला एक रकाना वाढवा, ती कोणत्या वाटेनं येते. ती यादी जिल्हा नियोजन समितीपुढं सायकलींच्या मागणीबरोबरच ठेवा, आणि सायकलींच्या पैशाबरोबर त्या वाटेचा पैसा त्याच बैठकीत मंजूर करा. काही ठिकाणी तो पाणंदीचा असेल, काही ठिकाणी महामार्गाच्या काठाला मुरूम भरून त्यावर डांबराचा पट्टा मारण्याचा, काही ठिकाणी फाट्यावर दुभाजकात एक सायकल आणि एक मुलगी उभी राहील एवढ्या जागेचा. महामार्गाचं काम मंजूर होतानाच काठाचा पैसा अंदाजपत्रकात बाजूला ठेवला तर नंतर आमच्यासारख्यांना चहा प्यायला जावं लागणार नाही. आमदारांना वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी आहे, त्यातून सभामंडप होतात, कमानी होतात. कमान बांधायला माझा विरोध नाही, पण कमानीखालून सायकल जायला वाट असावी.

गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, तुम्हीही छापू नका. एक तर मुली ओळखू येतील आणि घरी सायकली बंद होतील. दुसरं म्हणजे नाव छापलं की हा एका गावाचा प्रश्न होतो, तिथं चार टोपली मुरूम पडतो आणि बाकीचे तालुके सुटतात. पण तुमच्या वाचकांपैकी कुणी इंजिनिअर, कुणी नियोजन समितीवरचा, कुणी मुख्याध्यापक असेल, त्यानं आपल्या गावातल्या सायकलवाल्याकडं एकदा जावं आणि डावं पायडल बघून यावं.

आमच्याकडं यायचं असेल तर पत्ता तुमच्या कचेरीत ठेवलेला आहे. मृग लागायच्या आत यावं, कारण त्यानंतर गाडरस्त्यावर सायकल चालत नाही. सोमवारी बाजार असतो, त्या दिवशी बोलायला वेळ मिळत नाही. मंगळवार ते शनिवार सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत मी टपरीतच असतो. वही दाखवीन, पण उधारीची पानं उलटायची नाहीत.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला
मराठवाडा